कृपाणाला परवाना का लागत नाही?

दसऱ्याच्या दुपारी नांदेडच्या गुरुद्वारा परिसरात पाय ठेवायला जागा नसते. पुढे निशाणसाहिब हा ध्वज, मागे सजवलेले घोडे, निळ्या पेहरावातले निहंग योद्धे, गतका या युद्धकलेचे हात करणारी पोरं. ठरलेल्या ठिकाणी मिरवणूक पोचली की एकदम जयकारा उठतो आणि सगळी गर्दी धावत सुटते. हाच तो ‘हल्ला’. एका वर्षी माझा दहावीतला भाचा सोबत होता. उन्हात चमकणाऱ्या त्या पात्यांकडे तो बराच वेळ बघत राहिला आणि घरी परतताना म्हणाला, “मामा, यांना तलवारी चालतात. मग परवा त्या पोरांनी तलवारीने केक कापला, तर त्यांना पोलिसांनी का उचललं?”

मी वकिली करतो, त्यामुळे उत्तर माझ्या जिभेवर असायला हवं होतं. पण दोन वाक्यांत सांगायला गेलो आणि ते अर्धवट निघालं. हाच प्रश्न मला पुढे बऱ्याच जणांनी विचारला, कधी कुतूहलाने, कधी रागाने. म्हणून शिखांच्या कृपाणाला, म्हणजे धर्म म्हणून अंगावर बाळगलेल्या त्या पात्याला, परवाना का लागत नाही हे इथे नीट मांडतो.

सुरुवात केकपासूनच करू. वर्तमानपत्रात अशी बातमी आली की शेवटी एक ओळ असते: भारतीय शस्त्र कायदा कलम 4, 25 आणि महाराष्ट्र पोलीस कायदा कलम 37(1), 135 प्रमाणे गुन्हा दाखल. हे दोन वेगळे कायदे आहेत. पहिला 1959 चा, देशभराचा. बंदूक, पिस्तूल यांना परवाना लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण याच कायद्याचं कलम 4 सरकारला असा अधिकार देतं की एखाद्या भागात धारदार शस्त्रांनाही परवाना लागेल असं जाहीर करावं. कोणती धारदार शस्त्रं? 1962 च्या शस्त्र नियमांत माप दिलं होतं: पातं 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद. तलवार, गुप्ती, खंजीर, भाला हे सगळं त्यात आलं.

मग ऊसतोड कामगाराच्या हातातला कोयता? तो तर चांगला लांब असतो. त्याची सोय कायद्याच्या व्याख्येतच आहे. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेली वस्तू ‘शस्त्र’ धरली जात नाही. विळी, कोयता, साधी काठी यांना म्हणून परवाना नाही.

दुसरा कायदा आपल्या राज्याचा, 1951 चा. त्याच्या कलम 37(1) खाली सण, मोर्चे, निवडणुका आल्या की आदेश निघतात. भाषा ठरलेली: शस्त्रे, सोटे, भाले, तलवारी, दंडे, बंदुका, सुरे, लाठ्या घेऊन फिरण्यास मनाई. हा आदेश लागू असताना भर चौकात तलवार नाचवली तर दोन्ही कायदे एकदम लागू होतात. केक कापणाऱ्या पोरांचं नेमकं हेच झालं होतं.

यावर लगेच येणारा प्रतिप्रश्न असा: “पण खंडेनवमीला आपण शस्त्रपूजा करतो, ती धर्माचीच ना?” धर्माचीच. माझ्या घरीही पाटावर विळी, कात्री, पाना, हातोडी मांडून हळदकुंकू वाहतात, झेंडूचं फूल ठेवतात. पण पूजा करणं वेगळं आणि परवाना लागणारं शस्त्र घरात ठेवणं किंवा कमरेला लावून फिरणं वेगळं. पूजेचा हक्क तुम्हाला आहे. त्या हक्कातून तलवार बाळगण्याचा हक्क आपोआप निघत नाही.

आता त्याहून मोठा गैरसमज. लोक धरून चालतात की स्वतःचं रक्षण करायचा हक्क आहे म्हणजे त्यासाठी शस्त्र बाळगायचाही हक्क असणारच. भारतात या दोन गोष्टींची सांगड कायद्याने घातलेली नाही. स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येकाला आहे. शीख, हिंदू, मुसलमान, नास्तिक, बाई, पुरुष, सगळ्यांना सारखा. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम 96 ते 106 मध्ये होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. अंगावर कुणी सुरा घेऊन आला तर हाताला लागेल ते उचलून तुम्ही स्वतःला वाचवू शकता, शेजारच्यालाही वाचवू शकता. जीव जाण्याची रास्त भीती असेल तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. अट एवढीच की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ होता तर हा हक्क वापरता येत नाही.

पण वरवंटा हाताला लागला म्हणून तो उचलणं आणि ‘उद्या कुणी आलं तर’ म्हणून पिस्तूल खिशात घेऊन फिरणं यात फरक आहे. पहिलं कायद्याने दिलेलं. दुसऱ्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे किंवा पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो, आणि ते नाही म्हणू शकतात.

अमेरिकेत तसं नाही. तिथे 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिला गेला आणि 2008 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो घरात स्वतःच्या रक्षणासाठी बंदूक ठेवण्याचा वैयक्तिक हक्क असल्याचं स्पष्ट केलं. आपल्याकडेही असं कलम येता येता राहिलं, हे फारसं कुणी सांगत नाही. इंग्रजांनी 1878 मध्ये शस्त्रबंदीचा कायदा आणला तेव्हापासून तो देशाच्या मनात सलत होता. काँग्रेसने 1931 च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून प्रत्येक नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क असावा, असं म्हटलं होतं. तो धागा धरून घटना समितीत हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली. 2 डिसेंबर 1948 ला डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांचा मुद्दा रोकडा होता: बाजारात जाऊन हल्ल्याची साधनं विकत घ्यायचा हक्क प्रत्येकाला असेल तर राज्याने कारभार चालवायचा कसा? दुरुस्ती फेटाळली गेली.

आणि चारच दिवसांनी, 6 डिसेंबरला, त्याच सभागृहाने धर्मस्वातंत्र्याचं कलम मंजूर केलं. आज ते कलम 25 आहे. त्याला जोडलेलं पहिलं स्पष्टीकरण सांगतं की कृपाण धारण करणं आणि सोबत बाळगणं हे शीख धर्म प्रकट करण्यातच समाविष्ट आहे असं मानलं जाईल.

म्हणजे ज्या आठवड्यात घटना समितीने ‘शस्त्र हा सगळ्यांचा हक्क’ ही कल्पना नाकारली, त्याच आठवड्यात एका विशिष्ट पात्याला तिने घटनेत नाव घेऊन जागा दिली. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर या दोन तारखांच्या मध्ये आहे. कृपाण स्वसंरक्षणाचं साधन म्हणून घटनेत आलेलं नाही. ते श्रद्धेचं अंग म्हणून आलं आहे.

‘श्रद्धेचं अंग’ म्हटलं की ते कुणाला पळवाट वाटू शकतं. म्हणून इतिहासात शिरायला हवं, आणि त्यासाठी आम्हा नांदेडकरांना लांब जावं लागत नाही.

शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव 1606 मध्ये लाहोरला जहांगीरच्या अमलात छळ सोसून गेले. त्यांचे पुत्र हरगोविंद गादीवर बसले तेव्हा त्यांनी दोन तलवारी धारण केल्या. एक मीरी, ऐहिक सत्तेची. दुसरी पीरी, अध्यात्माची. भक्ती आणि अन्यायाचा प्रतिकार एकाच माणसाने करायचा, हा त्यातला अर्थ. 1675 मध्ये नववे गुरू तेगबहादूर यांचा दिल्लीत शिरच्छेद झाला. त्यांचे पुत्र गोविंदसिंग यांनी 1699 च्या वैशाखीला आनंदपूरला खालसा पंथ स्थापन केला आणि अमृत घेतलेल्या प्रत्येकासाठी पाच ककार ठरवले: केस, कंगवा, कडं, कछेरा (आखूड विजार) आणि कृपाण. त्या दिवशी मस्तक द्यायला पुढे आलेल्या पंचप्याऱ्यांपैकी एक साहिबचंद, परंपरेप्रमाणे बिदरचा. नांदेडहून बिदर फार लांब नाही.

हे पाच ककार ऐच्छिक दागिने नाहीत. अमृतधारी शिखासाठी ते शरीराचाच भाग आहेत. झोपताना, आंघोळीला, परीक्षेला, लग्नात, सगळीकडे ते अंगावर असतात. कृपाण गातऱ्यात अडकवतात. कापडी पट्टा उजव्या खांद्यावरून येतो आणि कृपाण डाव्या कुशीला लटकतं. गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावरच्या दुकानांत ती ओळीने मांडलेली दिसतात. काही हातभर लांब, काही बोटभर. संस्कृतात कृपाण म्हणजे तलवार. शीख परंपरा त्या शब्दात कृपा आणि आन, म्हणजे दया आणि इभ्रत, असे दोन शब्द वाचते.

शस्त्र कधी उचलायचं याचाही नियम या परंपरेत आहे, आणि तो महाराष्ट्राच्या मातीपर्यंत आलेला आहे. गुरू गोविंदसिंगांनी 1705 मध्ये औरंगजेबाला फारसीतून जफरनामा लिहिला. हे विजयपत्र लिहिणाऱ्याचे चार मुलगे तोवर मारले गेले होते. त्यातला एक शेर असं सांगतो की सगळे उपाय थकले की मग तलवारीला हात घालणं रास्त. यातला ‘सगळे उपाय थकले की’ हा भाग महत्त्वाचा. हे पत्र घेऊन भाई दयासिंग दख्खनेत आले. औरंगजेब अखेरच्या काळात अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला होता आणि तिथेच 1707 मध्ये वारला.

पुढच्याच वर्षी गुरू स्वतः गोदाकाठी नांदेडला आले. इथेच माधोदास बैरागी त्यांना भेटला आणि बंदासिंग बहादूर झाला. इथेच एका पठाणाने त्यांच्यावर वार केला, आणि परंपरा सांगते की गुरूंनी त्याच जागी त्याला आपल्या तलवारीने संपवलं. ती जखम भरली नाही. ऑक्टोबर 1708 मध्ये देह ठेवण्याआधी गुरूंनी ग्रंथसाहिबालाच गुरुपद दिलं. त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची पदं आहेत, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आज त्या जागी तख्त सचखंड श्री हजूरसाहिब आहे. महाराजा रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात ती वास्तू बांधवली. तिथे गुरूंची शस्त्रं जपलेली आहेत आणि संध्याकाळी आरतीनंतर भाविकांना त्यांचं दर्शन घडवतात. ग्रंथासमोर माथा टेकणारी माणसं शस्त्रांसमोरही हात जोडतात. हे एकदा जवळून पाहिलं की ‘श्रद्धेचं अंग’ हे शब्द पळवाट वाटत नाहीत.

इंग्रजांना ते पटायला वेळ लागला. 1878 च्या कायद्याने कृपाण ही तलवारच ठरली आणि धर्म पाळणारा शीख गुन्हेगार. बरीच निवेदनं, बराच दबाव झाल्यावर 1914 मध्ये पंजाबपुरती आणि 1917 मध्ये देशभर शिखांना सूट मिळाली. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि सरकारला शीख सैनिक हवे होते, हेही त्यामागे होतंच. तरी 1920 नंतर गुरुद्वारा सुधारणेच्या अकाली चळवळीच्या दिवसांत कृपाणाच्या लांबीवरून आणि ती बनवण्यावरून अटका झाल्या. घटनेतल्या त्या एका ओळीमागे एवढं सगळं आहे. सरकारी मर्जीने मिळालेली सूट सरकारी मर्जीने जाते, हे शिखांनी सोसून शिकलं होतं. म्हणून ती घटनेत हवी होती.

मग कुठलाही पंथ उद्या उठून ‘आमच्या धर्मातही शस्त्र आहे’ म्हणाला तर? हे घडून गेलेलं आहे. आनंदमार्ग हा पंथ 1955 मध्ये स्थापन झाला. 1966 मध्ये संस्थापकांनी अनुयायांसाठी तांडवनृत्य सांगितलं, त्यात हातात सुरा, त्रिशूल, कवटी. कलकत्त्याच्या पोलीस आयुक्तांनी रस्त्यावरच्या मिरवणुकीत ते करायला मनाई केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1983 मध्ये न्यायालय म्हणालं की पंथ 1955 चा आणि नृत्य 1966 चं. पंथ त्या नृत्याशिवायही होताच, तेव्हा ते धर्माचं अत्यावश्यक अंग म्हणता येणार नाही. 2004 मध्ये पुन्हा निकाल पोलिसांच्या बाजूने लागला, पण या वेळी तीनपैकी एका न्यायमूर्तींनी वेगळं मत नोंदवलं. धर्मात काय अत्यावश्यक आहे हे न्यायालयाने ठरवावं का, या प्रश्नावर माझं स्वतःचं मन त्या वेगळ्या मताकडे झुकतं. श्रद्धा किती वर्षं जुनी आहे हे मोजून ती खरी की खोटी ठरवणं मला पटत नाही. पण भर रस्त्यात सुरे नाचवायला पोलिसांनी बंदी घालावी का, याचं उत्तर मी ‘हो’ असंच देईन, आणि त्यासाठी धर्माची चिरफाड करायची गरज नव्हती. कलम 25 ची सुरुवातच सांगते की हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे.

शस्त्राची सूट फक्त शिखांनाच आहे, असंही नाही. शेजारच्या कर्नाटकात कोडगूच्या कोडवांना इंग्रजी अमलापासून शस्त्र कायद्यातून सवलत आहे. त्यांच्या कैलपोळ्द सणात बंदुकीची पूजा होते. मात्र ती सवलत घटनेत नाही, केंद्र सरकारच्या अधिसूचनेत आहे आणि मुदत संपली की वाढवावी लागते. 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

आणि कृपाणालाही सीमा आहेत. 2022 मध्ये विमानतळ सुरक्षेच्या आदेशाने देशांतर्गत उड्डाणांत शीख प्रवाशाला कृपाण नेण्याची मुभा स्पष्ट केली, पण पातं 6 इंचांपर्यंत आणि एकूण लांबी 9 इंचांपर्यंत. परदेशी जाणाऱ्या विमानात ती मुभा नाही. या आदेशाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि डिसेंबर 2022 मध्ये ते फेटाळलं गेलं.

दुसरी सीमा आम्ही नांदेडला डोळ्यांनी पाहिली. मार्च 2021 मध्ये कोरोनामुळे होळीच्या वेळच्या होला महल्ला या शीख सणाच्या मिरवणुकीला परवानगी नव्हती. गुरुद्वाऱ्याचं फाटक तोडून जमाव बाहेर आला, हातात तलवारी होत्या, पोलीस जखमी झाले. ती दृश्यं देशभर दिसली. या गावातल्या अनेक शीख घरांत त्या संध्याकाळी चूल पेटली तरी घास उतरला नसेल, इतकी शरम आणि दुःख मी ओळखीच्या चेहऱ्यांवर पाहिलं. कायद्याचं म्हणाल तर गुन्हे दाखल झाले, आणि घटनेने कृपाणाला दिलेल्या संरक्षणाचा त्यात काही उपयोग नाही. ते संरक्षण धारण करण्याला आहे. कुणावर उगारण्याला नाही. उगारलं की ते पातं कायद्यापुढे कुठल्याही पात्यासारखंच, आणि मग एकच प्रश्न उरतो: समोरून जिवावरचा हल्ला होत होता का? तो प्रश्न शिखाला वेगळा आणि मला वेगळा, असा नाही.

ज्या देशांत घटनेत अशी ओळ नाही, तिथे न्यायालयांना वाट शोधावी लागली. कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या शाळेत एका बारा वर्षांच्या मुलाचं कृपाण अंगणात पडलं. शाळेच्या मंडळाने बंदी घातली. 2006 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती उठवली, पण अटी ठेवून: कृपाण लाकडी म्यानात, म्यान जाड कापडात शिवून बंद केलेलं आणि सगळं कपड्यांच्या आत. न्यायालयाने एक साधी गोष्ट विचारात घेतली. शाळेत कात्र्या असतात, बेसबॉलच्या बॅटी असतात, त्या कुणी बंद करत नाही. आणि कॅनडातल्या शाळांत कृपाणाने कुणावर वार झाल्याची एकही नोंद पुढे आली नव्हती. इंग्लंडमध्ये 1988 चा कायदा धार्मिक कारणासाठी पातं बाळगण्याची सूट देतो. उलट इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये कृपाण घेऊन फिरणाऱ्या शिखाचा दंड कायम केला. मला कॅनडाची वाट जवळची वाटते. तिथे ना श्रद्धेला खोटं पाडलं, ना शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या आईची भीती झटकून टाकली. म्यान शिवायला लावलं, इतकंच.

हे सगळं भाच्याला सांगितलं तेव्हा त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग ते लोक ती वापरतात तरी कधी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून वर्गातल्या एका जुन्या मित्राला फोन केला. तो हजुरी शीख, घरची तिसरी-चौथी पिढी नांदेडातच, मराठी माझ्याहून चांगली. तो म्हणाला, “उद्या सकाळी घेऊन ये त्याला, अरदासच्या वेळी.”

आम्ही गेलो. डोकी रुमालाने झाकून मागे बसलो. अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली. समोर परातीत कडाहप्रसाद होता, तुपात परतलेल्या कणकेचा, अजून वाफाळणारा. सेवेकऱ्याने कमरेचं छोटं कृपाण बाहेर काढलं, त्याचं पातं प्रसादातून एकदा हलक्या हाताने फिरवलं, पुसून परत म्यानात ठेवलं. मग परात उचलली आणि तो ओळीतल्या पहिल्या माणसाच्या ओंजळीकडे वळला.